अकरा हजार फॉलोअर आणि मंगळवारची रिकामी दुपार

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील काढून)

आमचं सायकल विक्री आणि दुरुस्तीचं दुकान आहे. बाबांनी सुरू केलं, त्याला वीसएक वर्षं झाली. मी दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून दुकानात आले. जवळच एक नवं चकचकीत दुकान उघडलं आणि त्यांच्या रील सगळीकडे फिरायला लागल्या, तेव्हा मीही सोशल मीडिया सांभाळायला एक एजन्सी लावली. आठ महिन्यांत इन्स्टाग्रामवर ११ हजार फॉलोअर झाले, एका रीलला लाखभर व्ह्यू आले. गल्ल्यात मात्र काही फरक नाही. सुटीच्या दिवशी पूर्वीसारखीच झुंबड, फोन उचलायलाही सवड नसते, दुरुस्तीच्या सायकली आठ-आठ दिवस पडून राहतात. बाकीच्या दिवशी दुपारभर आम्ही दोघं एकमेकांची तोंडं बघत बसतो. एजन्सी म्हणते, मोठं पॅकेज घ्या. बाबा म्हणतात, ही थेरं बंद कर, चांगल्या कामाला जाहिरात लागत नाही. आत्ता थांबलो तर आपण मागे पडू, असं मला वाटतं. पॅकेज घ्यावं की बाबांचं ऐकावं?

उत्तर

तुमचा प्रश्न पत्राच्या शेवटी आहे, पण मी अडकलो तो मधल्याच एका वाक्यावर. सुटीच्या दिवशी फोन उचलायला सवड नसते आणि सायकली आठ-आठ दिवस पडून राहतात, असं तुम्ही ओघात लिहून गेलात. क्षणभर धरून चालू की एजन्सीचं म्हणणं खरं ठरलं, मोठं पॅकेज लागू पडलं आणि पुढच्या सुटीच्या दिवशी वीस गिऱ्हाइकं जास्त आली. काय होईल? आठ दिवसांचे पंधरा दिवस होतील. न उचललेले फोन दुप्पट होतील. आणि त्या विसांतले चार-पाच जण रागावून गूगलच्या नकाशावर तुमच्या दुकानाला एक-एक तारा देऊन जातील.

म्हणजे तुमच्याकडे गिऱ्हाईक कमी नाही. ते सगळं एकाच दिवशी येतं, ही अडचण आहे. तुम्हाला भरायच्या आहेत त्या मंगळवार-बुधवारच्या दुपारी. हे एकदा असं मांडलं की पॅकेजचा प्रश्न बराच लहान होतो, कारण दुपार भरायला लाखभर लोकांनी बघायची गरज नाही. आठ-दहा माणसांनी वेगळा दिवस निवडला तरी भागतं.

आता त्या ११ हजारांकडे बघू. इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्यात इन्साइट्स नावाचा भाग असतो. तिथे तुमचे फॉलोअर कुठल्या शहरांतले, कुठल्या देशांतले ते दिसतं. एजन्सीने तुम्हाला तो आकडा कधी दाखवला का? नसेल तर आज रात्री स्वतः उघडून बघा. रील हा प्रकार २०२० साली आला, आणि त्याची घडणच अशी की ती तुम्हाला न ओळखणाऱ्यांपर्यंत जावी. रील कोणाला दाखवायची हे ठरवताना माणसं ती किती वेळ बघतात, किती जण लाइक करतात, किती जण दुसऱ्याला पाठवतात याला सर्वांत जास्त वजन असतं, असं इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनी २०२५ च्या सुरुवातीला उघडपणे सांगितलं होतं. बघणारा तुमच्या दुकानापासून किती अंतरावर राहतो, हा प्रश्न त्या यादीत वर कुठेच नाही. तुमच्यासाठी मात्र तोच पहिला आहे. पंक्चर झालेली सायकल माणूस हातात धरून ढकलत आणतो. ती तो किती लांब ढकलेल, तेवढं तुमच्या दुरुस्तीच्या धंद्याचं वर्तुळ.

यात एजन्सीने तुम्हाला फसवलं असं मी म्हणणार नाही. तुम्ही त्यांना काय सांगितलं होतं ते आठवा. ‘फॉलोअर वाढवून द्या’, असंच ना? त्यांनी वाढवून दिले. एकच तपासा: ११ हजार फॉलोअर असताना साध्या पोस्टला तीस-चाळीसच लाइक आणि बिनचेहऱ्याची खाती ढीगभर, असं असेल तर ते विकत आणलेले असू शकतात. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२४ मध्ये खोट्या रिव्ह्यूंबरोबरच असे खोटे फॉलोअर विकण्या-घेण्यावरही नियमाने बंदी घातली. कायदा कुठला लागू आहे ते बाजूला ठेवलं, तरी विकतचा फॉलोअर कधी टायर बदलायला येत नाही.

(इतर वाचकांसाठी: हे वर्तुळ प्रत्येक धंद्याचं निराळं. हवा भरायला माणूस कोपऱ्यापर्यंत जातो, महागडी गिअरची सायकल घ्यायला अर्धा दिवस प्रवास करतो. जे कुरिअरने माल पाठवतात किंवा ऑनलाइन शिकवतात त्यांना वर्तुळच नाही; त्यांच्यासाठी दूरचे ११ हजार ही खरी मिळकत असू शकते. आपलं वर्तुळ न आखता दुसऱ्याचा सल्ला उचलू नका. माझाही नको.)

तुमच्या वडिलांचं म्हणणं मला निम्मं पटतं. चांगल्या कामाला जाहिरात लागत नाही, कारण चांगलं काम लोक एकमेकांना सांगतात. वीस वर्षं दुकान त्यावरच चाललं. पण ते सांगणं आता जागा बदलून बसलंय. पूर्वी शेजाऱ्याला विचारलं की शेजारी हात करून दाखवायचा. आता प्रश्न सोसायटीच्या किंवा शाळेतल्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडतो, कोणीतरी तुमच्या दुकानाचं नाव टाकतं, आणि विचारणारा माणूस ते नाव नकाशावर शोधतो. तिथे जुना नंबर असेल, वेळ चुकीची असेल, फोटोत शटर बंद असेल, तर वडिलांच्या चांगल्या कामाची कीर्ती तुमच्या दारापर्यंत येऊन तिथूनच परत जाते. आणि हे कोणाला कळतही नाही.

म्हणून पहिलं काम इन्स्टाग्रामचं नाहीच, गूगल बिझनेस प्रोफाइलचं, म्हणजे गूगलच्या नकाशावर दिसणाऱ्या तुमच्या दुकानाच्या नोंदीचं आहे. फुकट आहे. जवळच्या दुकानांचे निकाल दाखवताना विचारलेल्या गोष्टीशी जुळणं, अंतर आणि नावलौकिक या तीन गोष्टी प्रामुख्याने पाहतो, असं गूगल स्वतःच सांगतं. अंतर तुमच्या हातात नाही, बाकीचं बऱ्यापैकी आहे. ‘सायकल विक्री’ आणि ‘सायकल दुरुस्ती’ हे दोन्ही वर्ग लावा. पुष्कळ दुकानं फक्त विक्री लावतात आणि दुरुस्ती शोधणाऱ्याला दिसतच नाहीत. वेळा खऱ्या टाका, सुटीच्या दिवशीच्या वेगळ्या टाका. फोटो आतल्या नव्या सायकलींचे कमी चालतील, पण रस्त्यावरून येणाऱ्याला दुकान कसं दिसतं तो एक हवाच. रिव्ह्यू मागायला लाजू नका. सायकल परत नेताना चाक बिनआवाज फिरतंय हे बघून माणूस खूश असतो, तेव्हा मागा. मात्र रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत किंवा भेट देऊ नका आणि फक्त खूश दिसणाऱ्यांनाच निवडून मागू नका. गूगलच्या नियमांत दोन्ही बसत नाही. वाईट रिव्ह्यू आला तर दोन ओळींत उत्तर द्या, वाद घालू नका. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढच्या शंभर वाचणाऱ्यांसाठी असतं.

आता त्या रिकाम्या दुपारींकडे येतो. इथे माझा सगळा भर साध्या व्हॉट्सअॅप बिझनेसवर आहे. २०१८ पासून हे अॅप आहे, त्याला पैसे पडत नाहीत, आणि तरी बहुतेक दुकानदार ते फक्त ‘नमस्कार, आपले स्वागत आहे’ एवढ्यापुरतं वापरतात. त्यात प्रत्येक संभाषणाला लेबल लावता येतं. तुम्ही तीन करा: ‘दुरुस्तीला आली’, ‘पार्ट यायचाय’, ‘तयार’. सुटीच्या दिवशी येणाऱ्या फोनांपैकी निम्मे तरी ‘माझी सायकल झाली का?’ एवढंच विचारणारे असणार, हा माझा अंदाज. तयार झाल्याबरोबर तुम्हीच फोटोसकट कळवलंत तर ते फोन येणारच नाहीत, आणि नव्या गिऱ्हाइकाचा फोन उचलायला हात मोकळा राहील. ठरावीक उत्तरं साठवून ठेवता येतात, दुकान बंद असताना आपोआप जाणारा निरोप लावता येतो. ‘सायकलचा आणि बिघडलेल्या जागेचा फोटो टाका, संध्याकाळपर्यंत अंदाज सांगतो’ एवढं त्यात लिहिलंत तरी रांगेतली कितीतरी बोलणी आधीच उरकतील.

मग ब्रॉडकास्ट. एकच निरोप अनेकांना जातो, पण ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच तो मिळतो. लोकांना ही अडचण वाटते, मला ती चाळणी वाटते. सायकल घेऊन जाणाऱ्याला सांगा, ‘नंबर सेव्ह करा, पुढच्या सर्व्हिसिंगची आठवण करू, चालेल ना?’ हो म्हणाला तरच यादीत घाला. महिन्यातून दोनदापेक्षा जास्त काही पाठवू नका. सुप्रभाताचे फोटो तर नकोच. पाठवायचं ते असं: ‘मंगळवार ते गुरुवार सकाळी ११ च्या आत सायकल आणून दिलीत, तर पंक्चर, ब्रेक, गिअर, चाकाचा आउट काढणं (डुगडुगणारं चाक सरळ करणं) ही कामं त्याच संध्याकाळी पूर्ण.’

इथे सवलतीचा मोह होईल, तो टाळा. ज्या माणसाची सायकल आठ दिवस अडकून राहते, त्याला त्याच संध्याकाळी परत मिळणं ही सवलतीहून मोठी गोष्ट आहे, आणि त्यात तुमच्या खिशातून काही जात नाही. हाच मजकूर छापून गल्ल्याजवळ लावा, सुटीच्या दिवशी रांगेत उभे असलेले लोक तो वाचतील. गर्दीत जो दुरुस्तीला सायकल टाकायला आलाय त्याला तोंडी विचारा: आज ठेवलीत तर आठवड्याने, मंगळवारी सकाळी आणलीत तर संध्याकाळी, कसं करू? काही जण आजच ठेवतील. ज्यांना रोज सायकल लागते ते मंगळवार घेतील. त्यानंतर दिलेला शब्द मात्र पाळावा लागेल, म्हणून सुरुवातीला दिवसाला पाच-सहा सायकलीच घ्या.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, मग इन्स्टाग्राम बंद करू? नको. पण ते कोणासाठी चालवायचं हे बदला. ज्याने तुमचं नाव ऐकलंय आणि यायच्या आधी एकदा डोकावतोय, त्या माणसासाठी ठेवा. त्याला तीन गोष्टी बघायच्या असतात: दुकान चालू आहे ना, माझ्या प्रकारची सायकल इथे दुरुस्त होते ना, आणि माणसं बरी दिसतायत ना. शेवटची पोस्ट सहा महिन्यांपूर्वीची असेल तर पहिल्याच प्रश्नावर शंका येते. आठवड्याला एक पोस्ट पुरे. पत्ता, वेळ, नंबर वर लिहिलेला. पोस्टच्या मजकुरात आपल्या भागाचं नाव, स्थळाचा टॅग. ‘रोज टाकलं नाही तर अल्गोरिदम रागावतो’ असं कोणी सांगितलं तर त्याचं पॅकेज दररोजच्या पोस्टवर ठरलेलं असतं, एवढं लक्षात ठेवा.

टाकायचं काय, याचं उत्तर तुमच्या शेजारीच बसलंय. वीस वर्षं सायकली दुरुस्त केलेला माणूस काम करताना पुटपुटत असतो: अरे, टायरच्या कडेवरच लिहिलंय किती हवा भरायची, कोणी वाचत नाही. चेन झिजली तेव्हाच बदलली असती तर मागच्या दातऱ्या वाचल्या असत्या, आता दोन्ही गेलं. सीट एवढी खाली ठेवून चालवतो आणि म्हणतो गुडघा दुखतो. पेडल खाली असताना पाय जवळजवळ सरळ, गुडघ्यात जरासा वाक, एवढं हवं. यातलं प्रत्येक वाक्य म्हणजे तीस सेकंदांचा एक व्हिडिओ आहे. फोन उभा धरा, त्यांचे हात दिसू देत, आवाज त्यांचाच असू दे. चेहरा दाखवायला ते नाही म्हणाले तर दाखवू नका. आणि ‘बाबा, आपण व्हिडिओ करू या’ असंही म्हणू नका, ते आखडून बसतील. ‘चेन कशी ओळखायची ते मला परत सांगा’ म्हणा आणि शूटिंग करतेय हे सांगून फोन स्टँडवर ठेवून द्या. मागे गाणं नसलं तरी चालेल. व्यावसायिक खात्यांना इन्स्टाग्रामवरची पुष्कळशी लोकप्रिय गाणी वापरता येतच नाहीत, हक्कांचा प्रश्न येतो. इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा हिच्या साउंड कलेक्शनमधलं मोफत संगीत घेता येतं. फिरणाऱ्या चाकाची टिकटिक त्याहून बरी, असं माझं मत.

थेरं म्हणणारा माणूसच पडद्यावर आला की घरातला वाद मिटेल असा दावा मी करत नाही. पण ‘चांगलं काम’ आणि ‘जाहिरात’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, या समजुतीला त्याने थोडा धक्का बसेल. तो तुम्हा दोघांनाही बसायला हवा. त्यांना वाटतं जाहिरात म्हणजे बडेजाव, तुम्हाला वाटतं जाहिरात म्हणजे त्या नव्या दुकानासारखं दिसणं. त्या दुकानाचे व्ह्यू तुम्हाला दिसतात, त्यांचा गल्ला दिसत नाही. त्यांचीही मंगळवारची दुपार रिकामी असेल.

पैसे देऊन जाहिरात करायची तर ती केव्हा? तुमचा मंगळवार ते गुरुवारचा शब्द महिनाभर नीट पाळला गेला आणि तरी जागा उरल्या, तेव्हा. पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवणारं पोस्टखालचं ‘बूस्ट’ बटण घाईघाईत दाबू नका. मेटाच्या अॅड्स मॅनेजरमध्ये (जाहिराती लावायचं साधन) नकाशावर दुकानाच्या जागी पिन ठेवून भोवतीचं अंतर ठरवता येतं. आणि उद्देश निवडताना ‘एंगेजमेंट’मध्ये लाइक-कमेंट मागू नका, व्हॉट्सअॅपवर निरोप येणं मागा. हे यंत्र शब्दशः आज्ञाधारक आहे: लाइक मागितले तर ज्यांना दिसेल ते लाइक करायची सवय आहे अशी माणसं शोधून आणतं. रक्कम लहान, मुदत दोन आठवडे, मग हिशेब.

हिशेबासाठी एक वही. गल्ल्याशेजारी ठेवा आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारा, ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ येता-जाता दिसलं, कोणी सांगितलं, नकाशा, व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम. समोर एक रेघ. शेजारच्या पानावर मंगळवार ते गुरुवार किती सायकली आल्या ते रोज लिहा. सहा आठवडे. एजन्सीचा रंगीत अहवाल आणि ही वही यांत फरक निघाला तर वहीवर विश्वास ठेवा. आणि वही माझ्या या उत्तराच्या विरुद्ध बोलली, इन्स्टाग्रामच्याच रेघा भराभर वाढल्या, तर मला खोटं ठरवा आणि तिकडे पैसे लावा.

तेव्हा, मोठं पॅकेज घेऊ नका. हवं तर त्याच एजन्सीकडून एक दिवस दुकानाचे आणि कामाचे चांगले फोटो काढून घ्या, ते दोन वर्षं पुरतील. सगळं बंदही करू नका. तुमची मागे पडण्याची भीती मला समजते, पण ज्या जागेवर आपण मागे पडू म्हणतो ती जागा आपली नसते. फेसबुकच्या आधी आपल्याकडे गाजलेलं ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. फेसबुकने २०१८ च्या जानेवारीत मित्र-नातलगांच्या पोस्ट पुढे आणायचं ठरवलं आणि वर्षानुवर्षं पेज वाढवलेल्या दुकानदारांच्या पोस्ट मागे सरकल्या. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅप तिन्ही सुमारे सहा तास ठप्प होती. म्हणून गिऱ्हाइकांची नावं, नंबर आणि सायकलीचा प्रकार यांची नोंद तुमच्या स्वतःच्या रजिस्टरमध्ये हवीच.

आणि एक गोष्ट एजन्सीला ‘नको’ सांगायच्या आधी करा, नंतर नाही. तुमचं इन्स्टाग्राम खातं कोणाच्या ईमेलवर आणि कोणाच्या फोन नंबरवर उघडलंय? फेसबुक पेजचा पूर्ण ताबा कोणाकडे आहे, जाहिरातीचं खातं कोणाच्या नावावर, गूगल प्रोफाइलचा मालक म्हणून कोण दिसतं? पुष्कळदा हे सगळं एजन्सीतल्या एखाद्या मुलाच्या नावावर असतं, तो नोकरी सोडून गेलेला असतो, आणि दुकानदाराला आपल्याच दुकानाची वेळ बदलता येत नाही. आधी सगळीकडे स्वतःला मालक करून घ्या, ईमेल आणि नंबर बदला, पासवर्ड नवा ठेवा, लॉगिनसाठी दुहेरी पडताळणी आपल्या फोनवर लावा, आणि मग शेवटचं बिल चुकतं करून निरोप घ्या. त्यानंतर कधीतरी ‘कॉपीराइटचा भंग झाला आहे, २४ तासांत पेज बंद होईल, इथे क्लिक करा’ असा मेटाच्या नावाने निरोप येईल. क्लिक करू नका. खरी सूचना असेल तर ती अॅपमध्ये खात्याच्या सेटिंगमध्येही दिसते. हे बाबांनाही आजच सांगून ठेवा, कारण माझा अंदाज आहे की दुकानाचा नंबर अजून त्यांच्याच फोनमध्ये आहे.